सरळ नळी आणि धुराची परीक्षा

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभी असलेली पीयूसीची व्हॅन तुम्ही पाहिलीच असेल. माझा एक माजी विद्यार्थी तेथे नुकताच नापास झाला. म्हणजे त्याची मोटार झाली. आवाज भारदस्त यावा म्हणून त्याने मूळ सायलेन्सर काढून सरळसोट नळी बसवली होती. त्या भरात उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे गॅरेजवाल्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तोही काढून टाकला होता. ‘‘सर, इंजिन तर झकास चालतंय!’’ ही त्याची तक्रार.

ते यंत्र पाहते तरी काय? नळीतून ओढलेला धूर एका लहान कोठडीतून जातो. तिच्या एका टोकाकडून अवरक्त किरण सोडतात, दुसऱ्या टोकाशी मोजतात. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू म्हणजे जणू स्प्रिंगने जोडलेले दोन गोळे. त्याच्या कंपनाशी जुळणारे, सुमारे ४.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण तो शोषून घेतो. कार्बन डायॉक्साइड ४.३ च्या, तर न जळलेले हायड्रोकार्बन ३.४ च्या आसपासचे किरण शोषतात. जितके किरण कमी पोहोचतील तितका तो वायू अधिक. ऑक्सिजनच्या रेणूत दोन सारखेच अणू असल्याने तो हे किरण शोषत नाही. त्याच्यासाठी वेगळा विद्युत-रासायनिक घट असतो.

या चार आकड्यांवरून यंत्र ‘लॅम्डा’ काढते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरचा हिशेब केलात तर सुमारे ९ घनमीटर! नेमकी तेवढी हवा मिळाली की लॅम्डा १. भारत स्टेज ४ पासूनच्या पेट्रोल मोटारींना, इंजिन संथ चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. मग इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास नेतात. तेथे मर्यादा ०.२ टक्के, आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्येच हवा.

परिवर्तकाशिवाय हे जमणे कठीण. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांच्या पृष्ठभागावर उरलेसुरले विषारी वायू निरुपद्रवी होतात. मात्र तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा. म्हणून परीक्षेला जाण्यापूर्वी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवावी. थंड गाडी रांगेत उभी करणे म्हणजे झोपेतून उठून थेट पेपरला बसणे.

सुदैवाने जुना परिवर्तक माळ्यावर होता. मिस्त्रीने तो परत बसवला. आणि गाडी पुन्हा नापास!

खरी गंमत येथे आहे. नव्या नळीचा इंजिनाजवळचा एक सांधा सैल होता. धूर नळीतून सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतील दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फटीतून हवा आत शिरते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटते, इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे. मग संगणक पेट्रोल वाढवतो आणि कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. हवा शिरली म्हणून धूर अधिक विषारी झाला! सांध्याचे गॅस्केट बदलले, एअर फिल्टर व स्पार्क प्लग नवे घातले.

तपासणीची नळी अर्धवट बाहेर ठेवण्याचा ‘उपाय’ त्याला कुणीतरी सुचवला होता. पण चांगल्या ज्वलनात कार्बन डायॉक्साइड १४-१५ टक्के भरतो. हवा मिसळली की तो घसरतो आणि लबाडी पडद्यावर दिसते. शिवाय असे मनचे बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ लाही मान्य नाहीत.

हे ०.३ टक्के क्षुल्लक समजू नका. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. बंद खोलीतील हवेत हे प्रमाण साठले तर अर्ध्या-पाऊण तासात प्राण जाऊ शकतो. पास झालेली गाडीसुद्धा बंद गॅरेजात चालू ठेवू नये ती यासाठीच.

तिसऱ्या खेपेस, मूळ सायलेन्सरसह, गाडी पास झाली. ती सरळ नळी त्याने आमच्या प्रयोगशाळेला दिली आहे. अनुनादाच्या प्रयोगाला ती छान चालते.