तालिनचे वार्तापत्र : दोनदा सत्ता गेली, चौकट टिकली

तालिन : पुण्याच्या निम्म्याहूनही कमी वस्तीच्या एस्टोनियात आज कोणत्याही पक्षाचे सरकार आले, तरी ते माजी पंतप्रधान मार्ट लार यांनी आखलेल्या चौकटीतच कारभार करते. लार मूळचे इतिहासाचे शिक्षक. सोव्हिएत राजवटीविरुद्ध जंगलात लपून लढलेल्या एस्टोनियन बंडखोरांवर त्यांनी पुस्तक लिहिले आहे.

स्वातंत्र्य परत मिळाल्यावर १९९२च्या सप्टेंबरात पहिली निवडणूक झाली. लार यांच्या ‘इसामा’ या परंपरावादी आघाडीने १०१ पैकी २९ जागा मिळवल्या आणि अवघ्या ३२व्या वर्षी ते पंतप्रधान झाले. परंपरावादी म्हणजे आहे ते जपणारा, अशी आपली समजूत. इथे जपायचे होते ते १९४० साली सोव्हिएत फौजांनी बुडवलेले प्रजासत्ताक. ते परत उभे करायचे, तर मधल्या पन्नास वर्षांची व्यवस्था मोडणे भागच होते.

सरकारने ती झपाट्याने मोडली. अनुदाने आटली, सरकारी कारखाने विकले गेले. १९९४पासून श्रीमंत-गरीब सर्वांना २६ टक्के या एकाच दराने प्राप्तिकर लागू झाला. पुढे दर बदलत गेला, पण सर्वांना एकच दर हे तत्त्व राहिले.

याची किंमत सामान्यांनी मोजली. सोव्हिएत राजवटीत जप्त झालेली घरे जुन्या मालकांच्या वारसांना परत मिळू लागली आणि तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाडेकरूंच्या डोक्यावरचे छप्पर डळमळले. सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेल्या बहुतेक रशियन भाषकांना आपोआप नागरिकत्व मिळाले नाही, त्यामुळे संसदेसाठी मतदानही करता आले नाही. १९९३च्या जुलैत नार्वा आणि सिल्लामाए या रशियन भाषकबहुल शहरांनी स्वायत्ततेसाठी सार्वमत घेतले. सरकारने ते बेकायदा ठरवले, पण बळ वापरले नाही. प्रकरण न्यायालयात मिटले आणि रक्तपात टळला.

३१ ऑगस्ट १९९४ रोजी रशियन फौजा देशातून गेल्या. महिनाही उलटला नाही, तोच अविश्वास ठरावाने लार यांचे सरकार पडले. चलनातून काढून घेतलेले जुने रुबल गुपचूप विकल्याचे प्रकरण त्यांना भोवले.

१९९९मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. कंपनीने नफा धंद्यातच गुंतवला तर त्यावर कर नाही, हा नियम २०००पासून लागू झाला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाच्या बैठकीतून कागद हद्दपार झाले. मंत्री बैठकीआधीच संगणकावर विषयपत्रिका वाचून आपले मत नोंदवतात. ज्या विषयावर कोणाचीच हरकत नसते, तो चर्चेविना मंजूर होतो. चार-पाच तासांच्या बैठका त्यामुळे अर्ध्या ते दीड तासात उरकू लागल्या. पुढे मित्रपक्षाने राजधानी तालिनच्या महापालिकेत विरोधकांशी हातमिळवणी केली आणि २००२च्या जानेवारीत लार पंतप्रधानपदावरून पायउतार झाले.

२०११मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. पण पुढच्याच वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना पद सोडावे लागले.

लार यांच्या दोन्ही पंतप्रधानपदांची मिळून पाच वर्षेही भरत नाहीत. भाडेकरू आणि रशियन भाषकांना सोसावे लागलेले हाल त्यांच्या हिशेबात मांडलेच पाहिजेत. तरीही २००४ साली एस्टोनिया नाटो आणि युरोपीय संघात गेला, तो त्यांनी घातलेल्या पायावर. माझ्या मते, स्वतंत्र एस्टोनियाच्या घडणीत याहून मोठा वाटा असलेला पंतप्रधान दुसरा नाही.