सहा घरांचे उघडे यंत्र

लालबागच्या गिरण्यांत साच्याच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे जॉबर होते. यंत्र कळण्यातला तो आनंद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जुन्या रिव्हॉल्वरची ओढ फार समजावून सांगावी लागणार नाही. चाप ओढला की घोडा मागे जातो, त्याच ओढीने एक खिटी सिलिंडरला एक घर पुढे सरकवते, दुसरी त्याला नळीच्या रेषेत अडवते आणि घोडा पडतो. पिस्तुलात पुढचे काडतूस आधीच्या गोळीच्या धक्क्यावर वर येते. काडतूस फुसके निघाले तर हाताने स्लाइड ओढावी लागते. रिव्हॉल्वरमध्ये पुन्हा चाप ओढला की झाले. शिवाय सिलिंडर उघडला की सहाही घरे डोळ्यांसमोर! मॅगझिन काढूनही पिस्तुलाच्या नळीत एखादे काडतूस राहून जाते आणि त्यातून माणसे दगावतात. ही पारदर्शकताच मला या आकर्षणाचे खरे मूळ वाटते.

आपल्याकडे ही निव्वळ नाइलाजाची आवड आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. 1980च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद झाली आणि आजोबांच्या वेब्ली रिव्हॉल्वरला सोन्याचे मोल आले. पण सरकारी कारखान्यांत .32 पिस्तूलही बनत असताना, 2014मध्ये महिलांसाठी सुमारे 500 ग्रॅमचे ‘निर्भीक’ कानपूरला घडवले गेले, ते रिव्हॉल्वरच. आणि जिथे पर्यायांना तोटा नाही त्या अमेरिकेत, 1955 सालचे आणि 2005मध्ये थांबवलेले ‘पायथन’ रिव्हॉल्वर कोल्ट कंपनीने 2020मध्ये पुन्हा बाजारात आणले. तिथे कसला नाइलाज?

सहाच गोळ्या आणि भरायला लागणारा वेळ, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पोलिस आणि सैन्ये पिस्तुलाकडे वळली ते योग्यच झाले. बंदोबस्तावरच्या शिपायाच्या हाती जुने हत्यार देणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. नेमबाजाची गरज मात्र वेगळी असते. 25 मीटर सेंटर फायर प्रकारात एका फेरीत पाचच गोळ्या झाडायच्या असतात, तिथे सहा घरे पुरून उरतात. अचूकतेच्या टप्प्यात घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवला की चापाला बोटाचा हलका दाब पुरतो आणि नेम ढळत नाही. आज याच प्रकारात पार्डिनीसारखी आधुनिक पिस्तुले वापरणारे नेमबाजही बहुधा .32 एस अँड डब्ल्यू लाँग हेच काडतूस भरतात, आणि ते 1896मध्ये रिव्हॉल्वरसाठी तयार झाले होते.