नाण्यावर टप्पा

“बापू नाडकर्णींनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली, ते नशीब की कसब? गणिताकडे याचं उत्तर आहे का?” असा प्रश्न धरमपेठेतल्या एका वाचकांनी पाठवला आहे. नागपुरात क्रिकेटच्या पराक्रमाचा विषय निघाला की आधी इथेच जन्मलेले सी. के. नायडू आठवतात. १९२६ साली मुंबईत एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावांची त्यांची ती खेळी! नाडकर्णींचा पराक्रम याच्या अगदी उलट टोकाचा. तिथे काही घडलंच नाही, आणि न घडण्याचाच विक्रम झाला. म्हणूनच मला तो जास्त भुरळ घालतो.

१२ जानेवारी १९६४, मद्रास कसोटीचा तिसरा दिवस. भारताने ७ बाद ४५७ वर डाव सोडला होता. इंग्लंडचे ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन खेळपट्टीवर ठाण मांडून होते आणि समोर नाशिकचा डावखुरा फिरकी गोलंदाज. डावाअखेर त्याचं पृथक्करण होतं ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. त्यात सलग २१ षटकं निर्धाव. आगेमागे सुटलेले पाच चेंडू धरले तर लागोपाठ १३१ चेंडूंवर एकही धाव नाही.

या आकड्यापाशी थोडं थांबू या. १३१ ही मूळ संख्या आहे, उलटी वाचली तरी तीच. अंकांची जागा बदलून ११३ आणि ३११ करा, त्याही मूळ संख्याच. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना हे फार आवडलं असतं. नाशिकच्या शेजारी बसून ६१७४ या आकड्याचा चमत्कार शोधणाऱ्या या गणितवेड्या मास्तरांनी तो १९४९ साली मांडला, तोही मद्रासच्याच गणित परिषदेत.

आता वाचकांच्या प्रश्नाकडे. नाडकर्णींनी ४१ कसोटींत षटकामागे सरासरी १.६७ धावा दिल्या. धाव निघालेल्या चेंडूवर सरासरी १.६ धावा धरल्या, तर त्यांचे साधारण शंभरातले ८३ चेंडू निर्धाव जात असावेत. मग लागोपाठ १३१ निर्धाव जाण्याची शक्यता किती? ०.८३ ला स्वतःनेच १३१ वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे चार हजार कोटींत एक. असे आकडे मोबाइलवर झरझर फिरतात आणि खाली ‘चमत्कार’ असं लिहिलेलं असतं. मला त्या शब्दाचं वावडं आहे, कारण हाच हिशोब थोडा सरकवून पाहा. शंभरातले ९० चेंडू निर्धाव जात असतील, तर शक्यता दहा लाखांत एक होते. ९५ जात असतील, तर आठशेत एक. आणि ९८ जात असतील, तर चौदात एक! आठ टक्क्यांच्या फरकाने दहा लाखांचे चौदा झाले. अशा लांबलचक गुणाकारात सुरुवातीच्या आकड्यातली बारीकशी हालचाल शेवटी डोंगराएवढी होते.

त्या दुपारी तो आकडा ८३ नव्हता, हे उघड आहे. समोर धावांचा डोंगर, त्यामुळे दोन्ही फलंदाजांनी बाद न होण्याचा निश्चय केलेला. एक चेंडू नुसता अडवला की पुढचाही अडवायचा, हे मनात पक्कं होत जातं. मग चेंडू एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत आणि नाणेफेकीचं गणित ढिलं पडतं. या विक्रमात बोलस आणि बॅरिंग्टन यांचाही वाटा आहे, हे मान्य करायला हवं.

पण फलंदाज ठरवतो तेव्हाही चेंडू अडवण्याजोगा पडावा लागतो. एक हाफव्हॉली, एक आखूड टप्पा, की मोह होतोच. नाडकर्णी सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवत आणि त्यावर टप्पा टाकत. हे किती अवघड आहे ते कागद-पेन्सिल घेऊन पाहिलं. चेंडूचा वेग तासाला ७५ किलोमीटर, हात जमिनीपासून दोन मीटर वर, टप्पा १५ मीटरवर; हवेचा अडथळा सोडून दिला. चेंडू सुटण्याचा कोन एका अंशाने चुकला, तर टप्पा ऐंशीएक सेंटिमीटर सरकतो. वेग एका टक्क्याने चुकला, तर सतराएक सेंटिमीटर. आणि फिरणारा हात एक अंश पार करतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात! मेंदूला विचार करून बोटं सोडायला एवढा वेळ मिळत नाही. ते स्नायूंच्या अंगवळणी पडलेलं असावं लागतं, हजारो चेंडू टाकून.

आता थोडं समुद्रापार. अमेरिकेत १९४१ साली जो डिमॅगिओने बेसबॉलच्या सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट मारली. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी हिशोब केला, तेव्हा बेसबॉलमधल्या बाकी साऱ्या मालिका नाणेफेकीच्या गणितात बसल्या, ही एक बसेना. पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गोल्ड यांनी यावर सुंदर निबंध लिहिला आणि ही मालिका अद्वितीय ठरली. पुढे २००८ साली सॅम्युअल आर्ब्समन आणि स्टीव्हन स्ट्रोगात्झ यांनी बेसबॉलचा सगळा इतिहास संगणकावर दहा हजार वेळा खेळवला. ४२ टक्के इतिहासांत कोणाची ना कोणाची मालिका ५६ किंवा त्याहून लांब निघाली. बहुतेकदा तो कोणी डिमॅगिओ नव्हता, एकोणिसाव्या शतकातला खेळाडू होता. ‘याच माणसाला हे जमेल का’ आणि ‘कोणाला तरी कधीतरी हे जमेल का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सगळी गल्लत इथे होते. क्रिकेटमध्येही दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डने १९५७ साली डरबनला १३७ चेंडू निर्धाव टाकले होते.

मग कसब ओळखायचं कसं? मी विक्रमाकडे पाहत नाही, त्याच्या आजूबाजूला पाहतो. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क यांकीजच्या डॉन लार्सनने वर्ल्ड सिरीजमध्ये सलग २७ बॅटर बाद केले, एकालाही बेसवर पोचू दिलं नाही. तोच लार्सन दोन वर्षांपूर्वी ३ सामने जिंकून २१ हरला होता. त्या दिवशी त्याच्यावर आभाळ मेहेरबान होतं, असं म्हणायला जागा आहे. डिमॅगिओचं तसं नाही. १९३३ मध्ये, अठराव्या वर्षी, खालच्या लीगमध्ये त्याने ६१ सामन्यांची मालिका आधीच केली होती. ५६ ची मालिका तुटल्यावर पुढच्या १६ सामन्यांत तो पुन्हा हिट मारत राहिला.

आणि नाडकर्णी? १९६०-६१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत त्यांनी कानपूरला ३२ पैकी २४ षटकं निर्धाव टाकून २३ धावा दिल्या. दिल्लीला ३४ पैकी २४ निर्धाव, धावा २४. मद्रासच्या तीन वर्षं आधी, वेगळा संघ, वेगळ्या खेळपट्ट्या, आणि टप्पा तोच.