थंड पाण्यातले पहिले मिनिट

"पोहता येते ना? मग कसली भीती!" नावेत पाय ठेवताना हे वाक्य हमखास ऐकू येते. जबलपूरजवळ नर्मदेवर गळाची काठी आणि आमिषाचा डबा घेऊन पहाटे निघालेल्या मंडळींच्या तोंडी तर ते असतेच. नदीकाठी वाढलेल्या माणसाला पोहता येणारच, त्यात नवल ते काय? पण हिवाळ्याच्या पहाटे नाव कलंडली, तर पोहणे कामी येण्याआधीच बरेच काही घडून जाते. ते घडते पहिल्या एक-दोन मिनिटांत.

गढा ही एकेकाळची गोंड राजांची राजधानी. आज तो जबलपूर शहराचाच एक गजबजलेला भाग आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी घरेही नांदत आली. गढ्याच्या आसपास तलाव पुष्कळ. राजा संग्रामशाहाच्या नावाचा संग्रामसागर आहे, देवताल आहे. अशा संथ, उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात पोहायला शिकलेला मुलगा स्वतःला पट्टीचा पोहणारा समजू लागतो. मग नागपूर रस्त्याने थोडे पुढे गेले, की तिलवारा घाट लागतो. १९३९ चे गाजलेले त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन याच परिसरात भरले होते. इथली नर्मदा मात्र तलावासारखी वागत नाही. वरच्या अंगाला बरगीचे धरण, खालच्या अंगाला लम्हेटा घाट आणि पुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे नि धुवाँधार धबधबा. मधल्या पात्रात कुठे खोल डोह, कुठे खडकांची रांग, तर कुठे वरून न दिसणारी ओढ.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी असली, तरी पुराच्या सर्वांत वाईट दिवसांत माणसेही आपसूक पाण्यापासून लांब राहतात. हिवाळ्यात नदी निवळते. पाणी हिरवेगार, शांत दिसते. बेसावधपणा येतो तो नेमका याच दिवसांत.

पंचवीस अंशांची रेघ

थंड पाणी म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो, टायटॅनिक येते. मध्य भारतातली नदी कुठली थंड! पण ब्रिटनमधील पोर्ट्समथ विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल टिप्टन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासातून वेगळेच चित्र पुढे आले आहे. पाणी २५ अंश सेल्सियसच्या खाली गेले, की त्यात अचानक पडणाऱ्याच्या शरीराला धक्का बसू लागतो. १० ते १५ अंशांच्या पाण्यात तो सर्वाधिक तीव्र असतो. जबलपुरात कडाक्याच्या थंडीत पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. नदीचे पाणी हवेइतके गार होत नाही. तरी हिवाळ्यात ते पंचविसाच्या बरेच खाली असते. म्हणजे नर्मदेचे पाणीही शरीराच्या हिशेबात थंडच.

हा धक्का म्हणजे नेमके काय? कातडीला एकदम गार पाणी लागताच माणूस नकळत एक खोल श्वास ओढतो. अंगावर थंड पाण्याचा तांब्या ओतला, की 'हाऽऽ' होते ना, तेच. फक्त कितीतरी जोराने. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी थेट श्वासनलिकेत जाते. त्यानंतर श्वास भराभर, धापा टाकल्यासारखा चालू राहतो आणि तो रोखता येत नाही. हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकार असलेल्याला एवढेही पुरते. चांगला पोहणारा माणूस नावेपासून चार हातांवर बुडतो आणि काठावरचे लोक म्हणतात, "पाण्याने ओढले." प्रत्यक्षात त्याला श्वासाने दगा दिलेला असतो.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी या साऱ्यासाठी एक सोपे सूत्र दिले आहे: एक, दहा, एक. पहिले एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचे. पुढची दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडण्याची. आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. हे आकडे बर्फगार पाण्याचे आहेत. नर्मदेत दहा मिनिटांची मुदत कितीतरी लांबते, तासाचे अनेक तास होतात. पण पहिले मिनिट इथेही चुकत नाही.

त्या मिनिटात करायचे काय? काहीच नाही! हातपाय झाडायचे नाहीत, काठाकडे झेप घ्यायची नाही. पाठीवर रेलायचे, डोके मागे टाकून कान पाण्यात जाऊ द्यायचे, तोंड वर ठेवायचे आणि श्वास शांत होईपर्यंत नुसते तरंगायचे. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर बचावकार्य करणारी आरएनएलआय ही संस्था लोकांना हेच शिकवत असते. अंगातले कपडे काढण्याची घाईही नको. स्वेटर, पँट यांत अडकलेली हवा सुरुवातीला तरंगायला मदत करते. शाल किंवा घोंगडी मात्र गुंडाळून बसू नये. ती हातपायांत अडकते.

आणि लाइफ जॅकेट? ते या पहिल्या मिनिटासाठीच असते. श्वास बेताल झाला तरी तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचे काम ते करते. पण त्यासाठी ते अंगात हवे. नावेच्या टोकाला गाठोडे करून ठेवलेले किंवा बसायला उशी म्हणून घेतलेले जॅकेट धडपडत्या माणसाला पाण्यात घालता येत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे वार्षिक अहवाल पाहिले, तर नौका अपघातांत बुडून गेलेल्यांपैकी दहात आठांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेले नसते. आपल्याकडे वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची नाव उलटून चौदा जण दगावले, त्यांत बारा विद्यार्थी होते. बहुतेक मुलांच्या अंगात जॅकेट नव्हते.

धरण झाले, समुद्र आला

तिलवाऱ्याहून वर बरगीकडे गेले, की गोष्ट बदलते. १९९० मध्ये पुरे झालेल्या या धरणाने नर्मदेचा मोठा तलाव केला: सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी साडेचार किलोमीटर रुंद. मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ बसली. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांतल्या अनेकांनी पोटासाठी त्याच पाण्यात जाळे टाकले. १९९४ मध्ये विस्थापितांच्या ५४ सहकारी संस्थांच्या संघाला इथल्या मासेमारीचा हक्क मिळाला, तो मोठ्या झगड्यानंतर. नांगर धरणाऱ्या हातांनी वल्हे धरले. नदी ओळखणारा कोळी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून तयार होतो. या माणसांना तेवढा अवधी कुणी दिला नव्हता.

एवढ्या मोठ्या पाण्यावर वारा सुटला, की लाटा समुद्रासारख्या उठतात. वाऱ्याला मोकळे पाणी जितके लांब मिळेल, तितकी लाट उंच. अरुंद नदीत वाऱ्याला काठ आडवे येतात. धरणात कोण अडवणार? महाराष्ट्राने हे उजनीत पाहिले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात सापडून उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले. ते दिवस उन्हाळ्याचे होते. थंडीत असे झाले, तर लाटांच्या जोडीला गारठाही येतो आणि वेळ आणखी कमी मिळतो. म्हणून ढग दाटले, वारा फिरला किंवा पाण्यावर दूरवर काळी रेघ सरकताना दिसली, की जाळे अर्धे टाकून काठ गाठावा. जाळे उद्याही काढता येते.

धरणाच्या खालच्या अंगाला धोका निराळा. आकाश निरभ्र असताना, कुठेही पाऊस नसताना पात्रातले पाणी वाढते, कारण वर वीजनिर्मिती सुरू झालेली असते किंवा दरवाजे उघडलेले असतात. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे नर्मदास्नानाला जमलेल्या भाविकांवर इंदिरासागर धरणातून सोडलेल्या पाण्याचा लोंढा आला आणि साठहून अधिक माणसे गेली. ऐन उन्हाळ्यात! खडकावर बसून गळ टाकणाऱ्याने पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून धरून ठेवावा. दगड भिजला, तर सामान आवरावे. भोंगा वाजला, तर सामान आवरण्याचीही वाट पाहू नये.

नाव उलटते कशी?

वादळाविनाही नावा उलटतात, आणि गळवाल्यांच्या नावा तर उलटण्याची संधीच शोधत असतात म्हणा! मोठा मासा लागला, की एक जण उभा राहतो, दुसरा जाळी घेऊन त्याच कडेला झुकतो, तिसरा बघायला येतो. तिघांचे वजन एका बाजूला. महाशीरसारखा ताकदवान मासा असेल तर बघायलाच नको. (मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महाशीरला राज्यमासा म्हणून मान दिला आहे, तो आता दुर्मीळ झाल्याने जाणते हौशी त्याला पकडून पुन्हा सोडून देतात.) मासा बसूनच ओढावा आणि एकानेच त्याच्या कडेला जावे.

दुसरी चूक नांगराची. वाहत्या पाण्यात नाव थांबवताना नांगर मागच्या टोकाला बांधला, तर नावेचा सपाट, ठेंगणा भाग प्रवाहाला तोंड देतो. पाणी आत चढते आणि नाव बघता बघता खाली जाते. नांगर नेहमी पुढच्या निमुळत्या टोकाला, दोरी भरपूर लांब, आणि दोरी कापायला सुरी हाताशी. ही सुरी जाळ्यात पाय अडकला तरीही लागते. दारूबद्दल फार लिहायला नको. ती अंग गरम करते असे वाटते. प्रत्यक्षात शरीरातली ऊब कातडीवाटे बाहेर घालवते आणि तोलही घालवते.

नाव उलटलीच, तर तिला सोडू नये. लाकडी नाव सहसा पालथी तरंगत राहते. तिच्यावर जेवढे चढता येईल तेवढे चढावे, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढते. काठ पाण्यातून दिसतो तितका जवळ नसतो. पत्र्याच्या नावेत हवाबंद पेट्या नसतील, तर ती मात्र तळाला जाते. नाव घेताना हे विचारून घ्यावे. चार-पाच जण पाण्यात असतील, तर एकमेकांना बिलगून राहावे. एकटा असेल त्याने गुडघे छातीशी घ्यावेत.

काठावरच्याने काय करावे?

बुडणाऱ्याला पाहून उडी टाकणारा माणूस शूर खरा, पण एकाच्या जागी दोन जीव जाण्याच्या घटना आपल्याकडे नेहमी घडतात. घाबरलेला माणूस हाती लागेल त्याला मिठी मारतो. आधी बांबू, वल्हे किंवा गळाची काठी पुढे करावी. तेवढे अंतर नसेल तर दोर फेकावा. दोर नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा. असा कॅन दोरीला बांधून प्रत्येक नावेत ठेवायला खर्च जवळजवळ नाहीच. नाव घेऊन जायचे झाले, तर मोटर बंद करून माणसाला मागच्या टोकाकडून वर घ्यावे. बाजूने ओढले, की नाव त्याच्यावरच कलंडते.

बराच वेळ गार पाण्यात राहिलेल्या माणसाला शक्य तेवढे आडवे ठेवून बाहेर काढावे. त्याला उभे करून चालवत नेले, तर रक्तदाब एकदम कोसळून तो सुटकेनंतर दगावू शकतो. ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत, शेकोटीला चिकटवू नये. शुद्धीवर असेल तर गोड, कोमट चहा द्यावा. श्वास थांबला असेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात किंवा उलटे लटकवण्यात वेळ घालवू नये. आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. गार शरीराबाबत आशा लवकर सोडायची नसते. मे १९९९ मध्ये नॉर्वेत आना बोगनहोल्म ही डॉक्टर बर्फाखाली ८० मिनिटे अडकली होती. शरीराचे तापमान १३.७ अंशांवर उतरूनही ती वाचली. ती गोष्ट बर्फाच्या पाण्याची आणि सुसज्ज इस्पितळाची आहे, तरी तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, एवढे त्यातून घेण्यासारखे.

वाचलेला माणूस "आता बरे वाटते" म्हणाला, तरी पाणी छातीत गेले असेल तर काही तासांनी श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो. त्याला रुग्णालयात न्यावेच. तिलवारा घाटाकडच्यांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गढ्यातच, नागपूर रस्त्याला आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

हौशी माणसाकडे जॅकेट न घेण्याची सबब नाही. भारी काठी आणि चकरी घेताना तो घासाघीस करत नाही. प्रश्न आहे तो रोज जाळे टाकून पोट भरणाऱ्याचा, काही ठिकाणी तर फुगवलेल्या ट्यूबवर बसून खोल पाण्यात जाणाऱ्याचा. जाळ्यासाठी कर्ज किंवा अनुदान देताना त्याच यादीत जॅकेट का असू नये, हे मासळी विकत घेणाऱ्या संस्थांनी आणि मत्स्यखात्याने ठरवायचे आहे. जॅकेट बोजड असते, वल्ही मारताना काचते, हेही खरे. म्हणून मापाचे, बगलेत मोकळे असलेले निवडावे आणि घेतल्यावर एकदा कमरेएवढ्या पाण्यात घालून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकत असेल, तर पट्टे सैल आहेत.

राहिली घरची माणसे. निघणाऱ्याने कोणत्या घाटावर चाललो, बरोबर कोण आहे, नाव कुणाची आणि किती वाजता परत येणार, हे कागदावर लिहून ठेवावे. नावाड्याचा नंबर त्याच कागदावर. मोबाइल प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घालून खिशात. सांगितलेल्या वेळेच्या वर तासभर गेला आणि फोन लागला नाही, तर घरच्यांनी 'येईल आता' म्हणत दाराशी उभे राहू नये. आधी नावाड्याला आणि मग लगेच पोलिसांना फोन करावा. थंडीत दिवस लवकर मावळतो आणि अंधारात पाण्यावर माणूस शोधणे फार अवघड जाते.