लोकरीची जत्रा आणि मेंढीचे नाव

करकंब (ता. पंढरपूर) : विणकामाची जत्रा भरते आणि ती पाहण्यासाठी लोक शनिवार-रविवारची सुटी महिनोन्महिने आधी राखून ठेवतात, हे ऐकून घोंगडीच्या मुलखातील माणसाला नवल वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत आणि युरोपात मात्र अशा जत्रांनी चांगलेच मूळ धरले आहे. मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी गेलेले या भागातील आईवडील आता अशा एखाद्या मेळ्यापर्यंत सहज पोहोचू शकतात. तेथे नेमके काय पाहावे आणि त्यातून पंढरपूर परिसराने काय घ्यावे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मराठीत ‘विणणे’ हा एकच शब्द माग, सुया, बाज आणि टोपली या सर्वांना पुरतो. परदेशातील या जत्रांमध्ये भर असतो तो दोन सुयांवरच्या सुलट-उलट टाक्यांवर. परंतु त्याच मांडवात चरखा, हातमाग, नमदा आणि रंगाई यांनाही जागा असते. आणि या साऱ्याच्या मुळाशी असलेली मेंढी तर हमखास असतेच.

दोन दिवसांचा मेळा

‘न्यूयॉर्क स्टेट शीप अँड वूल फेस्टिव्हल’ हा यातील सर्वांत गाजलेला मेळा. हडसन नदीच्या खोऱ्यातील ऱ्हाइनबेक या गावी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी तो भरतो. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीतून मोटारीने दोन-अडीच तासांत तेथे जाता येते. मेंढ्या, शेळ्या आणि अल्पाका यांची प्रदर्शने, मेंढ्या वळविणाऱ्या कुत्र्यांची प्रात्यक्षिके, कातरलेल्या अखंड लोकरीची विक्री आणि विणकामाचे वर्ग असा भरगच्च कार्यक्रम असतो. या मेळ्यासाठी दरवर्षी नवा स्वेटर विणायचा आणि तो घालूनच मैदानात उतरायचे, असा रिवाज हौशी विणकरांत पडला आहे. ‘ऱ्हाइनबेक स्वेटर’ हे नावच त्यातून रूढ झाले.

मेरीलँड राज्यात मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी असाच मेळा भरतो. तेथील ‘मेंढी ते शाल’ ही स्पर्धा आपल्याकडील माणसाने आवर्जून पाहावी अशी आहे. मेंढीची लोकर कातरायची, ती तेथेच कातायची आणि ताणा लावून ठेवलेल्या मागावर काही तासांत शाल विणून द्यायची, असे तिचे स्वरूप असते. पाश्चात्त्य प्रेक्षकांना जे कौतुकाचे वाटते, ते सोलापूर जिल्ह्यातील धनगर आणि सनगर कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या पोटासाठी केले आहे.

जाड लोकरीची गोष्ट

हे मेळे केवळ हौसेतून उभे राहिलेले नाहीत. लोकरीचा भाव कोसळल्याची चिंता अनेकांच्या मुळाशी आहे. कृत्रिम धाग्याशी टक्कर देण्यासाठी ब्रिटनमध्ये २०१० साली लोकरीच्या प्रसाराची मोहीम सुरू झाली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील ‘शेटलंड वूल वीक’ हा महोत्सव त्याच वर्षी, त्याच मोहिमेच्या निमित्ताने सुरू झाला. महोत्सवासाठी दरवर्षी टोपीचा एक नमुना विनामूल्य प्रसिद्ध केला जातो. जगभरातील विणकर ती टोपी घरी विणतात आणि डोक्यावर घालून बेटावर येतात. २०१५ मध्ये डोना स्मिथ यांनी केलेली मेंढ्यांच्या नक्षीची टोपी तर फारच लोकप्रिय झाली. त्याआधी २०११ मध्ये शेटलंडच्या अस्सल लोकरीला युरोपीय संघाचे मूळस्थानाचे संरक्षणही मिळाले.

शेटलंडची लोकर मऊ म्हणून तिचे कौतुक होते, आपल्या काळ्या लोकरीला कोण विचारणार, असा प्रश्न येथे कोणीही करील. त्याचे उत्तर इंग्लंडच्या कंब्रिया भागात मिळते. तेथील डोंगरांवर चरणारी ‘हर्डविक’ ही मेंढी जन्मतः काळी असते आणि वयानुसार करडी होत जाते. तिची लोकर राठ असते, अंगाला टोचते. मुलांसाठी ‘पीटर रॅबिट’च्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअट्रिक्स पॉटर यांनी हीच मेंढी पाळली आणि १९४३ मध्ये निधन पावताना आपली शेते व कळप ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या स्वाधीन केले. २००१ च्या लाळ-खुरकत साथीने याच कंब्रियातील पशुपालकांचे कंबरडे मोडले. त्यानंतर २००५ मध्ये कारागिरांच्या एका सहकारी संस्थेने कॉकरमथ येथील जनावरांच्या लिलाव बाजारात ‘वूलफेस्ट’ हा मेळा सुरू केला. हर्डविकची लोकर तेथे मऊ म्हणून विकली जात नाही. गालिचा, पिशवी आणि जाड कोट यांसाठी टिकाऊ लोकर म्हणून, मेंढीच्या नावासह, ती विकली जाते.

अर्थात मेळा म्हणजे जादूची कांडी नव्हे. २०२० मध्ये करोनाच्या काळात ब्रिटनमध्ये लोकरीचे भाव इतके घसरले, की काही मेंढपाळांनी ती जाळली किंवा खतात घातली. ठोक बाजारात नाव नसलेल्या लोकरीची ही गत होते. मेळ्यात ग्राहक आणि मेंढपाळ यांची समोरासमोर गाठ पडते, हाच काय तो फरक.

आपली दख्खनी

सोलापूर, सांगली, सातारा भागांतील दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. एका मेंढीपासून वर्षाकाठी किलोभरही लोकर निघत नाही. ती रंगानुसार निवडून पिंजायची, कातायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्ड्याच्या मागावर विणायची, अशी घोंगडीची रीत आहे. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात आणि जावळाची घोंगडी सर्वांत मऊ मानली जाते. प्रतीचा हा विवेक आपल्याकडे पूर्वीपासून आहे. ग्राहकाला तो कोणी समजावून सांगत नाही, एवढेच.

आज कातरणीची मजुरीही लोकरीच्या किमतीतून सुटत नसल्याने अनेक मेंढपाळ ती टाकून देतात. मटणाला भाव असल्याने माडग्याळसारख्या जातींकडे ओढा वाढला आहे. दुसरीकडे भारतातील गिरण्या ऑस्ट्रेलियातून मऊ मेरिनो लोकर आयात करतात आणि ‘निटप्रो’ या भारतीय कंपनीच्या विणकामाच्या सुया परदेशी बाजारात विकल्या जातात. सुया येथून जातात, पण दख्खनीचे नाव जात नाही, असा हा विरोधाभास आहे. आशेची खूण म्हणजे सुरेश एरियत यांनी दख्खनी लोकरीवर केलेल्या ‘देसी ऊन’ या ॲनिमेशनपटाला २०२५ मध्ये फ्रान्समधील आनसी महोत्सवात पारितोषिक मिळाले.

जाणाऱ्याने काय करावे

परदेशातील मेळ्याला जाताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिकीट आणि वर्गांची नोंदणी आधी करावी. वर्ग लवकर भरतात. सुया विमानात हातातील पिशवीऐवजी मोठ्या सामानात ठेवाव्यात. पशुरोगांच्या भीतीमुळे कच्ची, न धुतलेली लोकर नेण्यावर निर्बंध असतात, त्यामुळे नमुना दाखवायचा झाल्यास विणलेली, स्वच्छ घोंगडी न्यावी आणि ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सांगून न्यावी. पर्यटनाच्या व्हिसावर मेळा पाहता येतो. तेथे माल विकणे नियमात बसत नाही. खरेदी करण्यापेक्षा लोकरीच्या लडीवरची चिठ्ठी वाचावी. मेंढीची जात, गाव आणि कातणाऱ्याचे नाव त्यावर कसे लिहिले आहे, हे पाहणे अधिक मोलाचे.

सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा नावाची किंमत या जिल्ह्याला कळलेली आहे. मेळ्यासाठी नवे मैदानही शोधावे लागणार नाही. करकंबपासून जवळच असलेल्या पंढरपुरात कार्तिकी वारीला लाखो भाविक येतात, वाखरीला जनावरांचा बाजार भरतो आणि थंडीचे दिवसही नुकतेच सुरू झालेले असतात. त्याच बाजारात एका बाजूला कातरणी, चाती आणि माग मांडला, प्रत्येक घोंगडीवर मेंढीची जात व विणकराचे नाव लिहिले, तर ग्राहकाला घोंगडी महाग का, हे विचारावे लागणार नाही. हे जाणणारे सनगर आणि कातणाऱ्या धनगर स्त्रिया आता वयस्कर होत चालल्या आहेत. ते हात थकण्यापूर्वी ही मांडणी झाली, तरच पुढच्या पिढीला हा माग चालविण्यात काही अर्थ उरेल.