कोरड्या हातांची गोष्ट

थंडी माणसाला पहिल्यांदा गाठते ती बोटांच्या टोकांपाशी. शरीराचा कारभार मोठा हिशेबी. ऊब कमी पडू लागली, की ते हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांची काळजी आधी घेते आणि हातापायांच्या रक्तपुरवठ्यात काटकसर करते. घरात बसलेल्या माणसाला हे परवडते. हात चोळले, चहाचा कप धरला, की झाले! पण बर्फाखालच्या समुद्रात उतरलेल्या पाणबुड्याने काय करावे? त्याचा तर जीवच बोटांवर अवलंबून असतो.

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडच्या काठी अमेरिकेचे संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ समुद्रावरच्या बर्फाला भोक पाडून त्यातून खाली उतरतात. वर्नर हर्झोग यांच्या २००७ सालच्या 'एन्काउंटर्स ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड' या माहितीपटात ही मंडळी दिसतात. डोक्यावर बर्फाचे छत आणि खाली अथांग पाणी. पाहणारा हरखून जातो. मला मात्र प्रश्न पडला, या माणसांचे हात तिथे काम कसे करत असतील? कारण ते पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मिठामुळे ते शून्याखालीही गोठत नाही, एवढेच. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते.

अशा ठिकाणी वापरायचा पोशाख म्हणजे ड्रायसूट. त्याच्या आत पाणी येत नाही. आत जाड उबदार कपडे असतात आणि त्यांत कोंडलेली हवा खरी ऊब राखते. मान आणि मनगटांपाशी रबराचे घट्ट सील असतात. पण मनगटाशी सूट संपतो आणि हात उघडाच राहतो. साधा हातमोजा घातला तर त्यात पाणी शिरतेच. म्हणून ड्रायग्लव्ह. हा रबरी मोजा कडक कड्यांनी सुटाच्या बाहीला जोडतात आणि त्याच्या आत लोकरीचा पातळ मोजा घालतात.

इथवर सोपे आहे. पुढे पाण्याचा दाब आडवा येतो. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि मोज्यातली हवा आकसून निम्मी उरते. ३० मीटरवर ती पाव हिश्श्यावर येते. मोजा हाताला आवळू लागतो आणि उबेचे भांडवलच संपते. त्यावरचा उपाय अगदी घरगुती वाटावा असा आहे. मनगटाच्या सीलखाली एक बारीक नळी किंवा दोरीचा तुकडा सरकवायचा. त्या फटीतून सुटातली हवा मोज्यात जाते आणि वर येताना परत फिरते.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला इथे स्ट्राँगरूम आठवते. तिच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. एकाची चूक दुसऱ्याकडे अडावी, हा त्यामागचा हेतू. इथेही मोजा हे पहिले कुलूप आणि सील हे दुसरे. मोजा फाटला तरी सील पाण्याला मनगटाशी थोपवते. नळी घातली की हे दुसरे कुलूप किलकिले होते. काही जण तर सील ठेवतच नाहीत. मग हवा छान खेळते, पण मोज्याला भोक पडले, की पाणी बाहीतून थेट अंगावर येते. नळी हा मधला मार्ग. पाणी येईल, पण झिरपत येईल. परतायला अवधी मिळेल.

उबेची आणखी एक किंमत आहे. जाड मोज्यात स्पर्श बोथट होतो. वर येताना सुटातली हवा फुगते आणि दंडावरच्या झडपेतून ती वेळेवर सोडावी लागते, नाहीतर माणूस फुग्यासारखा वर खेचला जातो. वर बर्फ असेल तर बाहेर पडायला भोकाचीच वाट. म्हणून बक्कल, झडपा, नळ्या मोज्यातून चाचपण्याचा सराव आधी उथळ पाण्यात करावा लागतो. बधिर बोटांपेक्षा बोथट बोटे परवडली.

हे मोजे चढतात अगदी शेवटी. एकदा ते चढले, की पाणबुड्याला बारीक कामे जमत नाहीत. मग सोबती कडी दाबून बसवतो आणि मध्ये एखादा केस किंवा धागा अडकला नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहतो. तेवढ्या धाग्यानेही पाणी आत येते. संशोधनाचे अहवाल पुढे छापले जातात, त्यात या तपासणीचा उल्लेख सहसा नसतो. पण खाली गेलेल्या माणसाच्या बोटांची ऊब वर बर्फावर उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या माणसाने राखलेली असते.