दाढ दुधाची नव्हती

आठ वर्षांचं मूल दवाखान्यातल्या खुर्चीत आ करून बसलेलं असतं. खालची मागची दाढ काळी पडून पोखरलेली असते आणि शेजारी उभी असलेली आई म्हणते, "दुधाचीच आहे ना डॉक्टर? पडेल म्हणून थांबलो होतो." लहान मुलांच्या दातांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं. ती दाढ दुधाची नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या दाढांच्या मागे ती गुपचूप उगवलेली असते. तिच्यासाठी आधी कुठला दात हललेला किंवा पडलेला नसतो, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. वर दोन, खाली दोन अशा या चार दाढा जन्मभर पुरवायच्या असतात.

कीडही आधी त्यांनाच गाठते. चावायच्या बाजूला खोल खाचा, त्यांत अडकलेलं बिस्किट, ब्रश पोचणार नाही इतकी मागची जागा आणि स्वतःच्या हाताने घाईघाईत दात घासणारं पहिलीतलं मूल.

पण खरी अडचण हिरडीखाली असते. दाढ तोंडात दिसू लागते तेव्हा तिचं मूळ अर्धवटच असतं. ते पुरं व्हायला आणखी सुमारे तीन वर्षं लागतात. तोवर मुळाच्या भिंती पातळ आणि टोक उघडं. हे उरलेलं बांधकाम करतो तो दाताच्या आतला जिवंत गर. आपण त्याला सरसकट 'नस' म्हणतो. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि दात घडवणाऱ्या पेशीही. सातव्या वर्षी हा गर मेला, तर मूळ आहे तिथेच थांबतं. मोठ्यांसारखं रूट कॅनॉल करावं, तर उघड्या टोकातून मसाला बाहेर जातो आणि पातळ भिंतींची दाढ पुढे चावताना तडकू शकते.

म्हणून इथे नस काढायची घाई करायची नाही, तिला जगवायचं. पूर्वी किडीचा कण न् कण खरवडून काढण्यावर भर असे. त्या नादात गर उघडा पडायचा. आता खड्ड्याच्या कडा स्वच्छ, टणक करतात, पण अगदी गराजवळचा मऊ थर मुद्दाम ठेवतात आणि वरून दाढ घट्ट बंद करतात. "कीड आतच ठेवली?" असं पालक धास्तावून विचारतात. ते स्वाभाविकच आहे. पण बाहेरून अन्न मिळणं बंद झालं की उरलेले जंतू निष्प्रभ होत जातात आणि गर आतून नवा थर चढवून स्वतःला वाचवतो.

गर उघडा पडलाच, तरी सगळं संपत नाही. मिओमिर स्वेक यांनी स्वीडनमध्ये १९७८ साली पडून मोडलेल्या ६० पुढच्या दातांचा अभ्यास मांडला. गराचा वरचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग काढून त्यांनी बाकीचा झाकला होता. ९६ टक्के दात बरे झाले. हीच रीत पुढे किडलेल्या दाढांसाठीही वापरात आली. गर काढल्यावर रक्त काही मिनिटांत थांबलं, तर आतला भाग तगेल अशी आशा धरता येते.

झाकायला बरीच वर्षं कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए नावाचं मिश्रण आणलं. ते घरबांधणीच्या पोर्टलँड सिमेंटच्याच कुळातलं, ओलाव्यात घट्ट होणारं. "दाढेत सिमेंट भरलं" हे आपल्याकडचं बोलणं इथे अक्षरशः खरं ठरतं.

गर पूर्ण मेला असेल, तर उघड्या टोकाशी याच सिमेंटचा बूच बसवून मग दाढ भरता येते. दाढ टिकते, पण भिंती पातळच राहतात. म्हणून वेळ मोलाची. गार पाण्याने क्षणभर कळ येऊन थांबते, तेव्हा गर बहुधा वाचवता येतो. काही न खाता-पिता रात्री ठणका लागून मूल जागं होत असेल, तर दुखणं आत पोचलेलं असण्याची शक्यता मोठी. लवंगेच्या तेलाने ठणका शमतो, कीड थांबत नाही.

कीड वेळेत कळायला शाळेतली सरकारी आरोग्य तपासणीही मदत करते. ती ज्यातून होते त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरला झाली. त्यातल्या तपासणीत दातांचे आजारही आहेत. शाळेतून त्याबद्दलची चिठ्ठी आली, तर ती दप्तरात राहू देऊ नये.

उपचारानंतरही दर काही महिन्यांनी एक्स-रे काढावा लागतो. दुखायचं थांबलं की पालक येईनासे होतात, पण डॉक्टरांना बघायचं असतं ते पुढेच: मागच्या खेपेला नरसाळ्यासारखं उघडं दिसलेलं मुळाचं टोक या खेपेला थोडं मिटलं आहे का.